दोर कोणाच्या हातात होता

मदतीला धावून येणाऱ्या माणसांचा मला राग येतो. हे वाचून मी कुणाला उलट्या काळजाची वाटले तर खुशाल वाटू दे. माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा मदतीनंच मोडला आहे. दोन ऑपरेशनं झाली, तरी तो हात अजून कानाच्या वर जात नाही.

आम्ही नवरा-बायको घराला खेटून असलेली झाडं उतरवायचं काम करतो. पाडायचं नव्हे, उतरवायचं. झाड पाडायला मोकळं रान लागतं. घराशेजारी, विजेच्या तारेखाली, काळ्या टाकीच्या डोक्यावर रान कुठून आणणार? तिथं झाड वरून खाली, फांदी फांदी करून, दोरानं खाली घ्यावं लागतं. नवरा आधी रांजणगावच्या कंपन्यांमध्ये शेडवर पत्रे बसवायच्या ठेक्यावर होता. उंचीवर पट्टा बांधून कसं राहायचं, हे तो तिथं शिकला. मी शिकले ते त्याच्याकडून, आणि थोडं शिव्या खाऊन. आमचे हेल्पर टिकत नसत. एक तर भर कामात दोर सोडून फोनवर बोलायला गेला. त्या दिवशी मी कमरेला पदर खोचला आणि म्हटलं, इथून पुढं खालचा दोर माझा.

खालचा दोर म्हणजे काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. झाडावर दोन दोर असतात. एक माणसाचा, एक लाकडाचा. माणसाचा दोर वरच्या पक्क्या बेचक्यातून खाली येतो आणि बुंध्याला वेढे देऊन बांधलेला असतो. वर माणसाला काही झालंच, तर खालून त्याला उतरवता यावं म्हणून. लाकडाचा दोर फांदीला बांधलेला असतो. तो वरच्या कप्पीतून खाली येतो, बुंध्याला तीन वेढे घेतो आणि मग माझ्या हातात येतो. फांदी कापली की तिचं वजन माझ्या हातावर येत नाही, ते वेढ्यांवर येतं. मी फक्त दोर सरकू देते, आधी भरभर, मग हळूहळू. फांदी घरापासून बाजूला झुलते आणि म्हातारं माणूस खाटेवर टेकावं तशी जमिनीवर टेकते. दोर आवळून धरायचा नसतो. आवळला की फांदी जागच्या जागी अडते आणि झोका घेऊन उलटी येते. कुणाकडं? वर बांधलेल्या माणसाकडं. यात जोर लागत नाही. लक्ष लागतं.

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत आमची बरीच कामं झाली, आणि प्रत्येक ठिकाणी मी एकच गोष्ट पाहिली. आपल्याकडच्या माणसाला दोर दिसला की हात शिवशिवतात. त्यातून तो बाईच्या हातात दिसला की मग विचारायलाच नको. पारावर बसून पेपर वाचणारा, मुलाला शाळेतून आणायला निघालेला, सगळे येऊन म्हणणार, "ताई, आना हिकडं, तुमाला जड जाईल." बाईला जड काम करू देणं म्हणजे पुरुषाच्या जातीला कमीपणा. हंड्यावर हंडा घेऊन घरातली बाई समोरून जाते तेव्हा हा कमीपणा कुठं शेण खायला जातो, मला माहीत नाही.

दौंडकडच्या राहू गावच्या आप्पांनी आम्हाला बोलावलं ते कडुलिंबासाठी. आप्पा म्हणजे गावातलं मोठं घर, ऊस, सोसायटीत वजन. जुनं घर पाडून त्यांनी दुमजली बंगला बांधला, तो थेट लिंबाच्या अंगाखाली. वास्तुशांती जवळ आली तसं त्यांच्या लक्षात आलं की झाड घरावर कललेलं आहे. झाड होतं तिथंच होतं. कललं होतं ते यांचं घर. त्यात वळवाच्या वाऱ्यानं एका मोठ्या फांदीच्या बेचक्यात फट पडली होती आणि ती फांदी नेमकी पडवीच्या नव्या पत्र्यांवर आलेली. काम अवघड होतं, पण आमच्या आवाक्याबाहेरचं नव्हतं.

सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. बारक्या फांद्या उतरल्या. दुपारी फट पडलेल्या फांदीची पाळी आली. नवऱ्यानं वर दोर बांधला, स्वतःचा पट्टा खोडाभोवती टाकला, मला हाक दिली, "तयार?" मी वेढे तपासले, हातमोजे सारखे केले आणि ओरडले, "येऊ दे." आमच्यात एवढंच बोलणं असतं. या दोन शब्दांवर तो वर आपला जीव ठेवतो. वर करवतीचं मशीन सुरू झालं.

आणि त्याच वेळी आप्पांचा पुतण्या आणि त्याचे चार-पाच दोस्त आले. पांढरे शर्ट, कपाळाला गंध, जेवून आलेले. पुतण्या म्हणाला, "ताई, सोडा. आमी मेलोत का? बाईमानसानं दोर धरायचा आन् आमी बघत बसायचं व्हय?"

मी ओरडले, "हात लावू नका. मशीन चालू आहे."

"आवो, घराचा सवाल हाय. तुमच्यानं सुटला म्हंजी?"

त्यातल्या एकानं बुंध्याचे वेढे सोडवले. सोडवले! म्हणे, गुंडाळून कशाला, सरळ धरला की नेट लागतो. दोघांनी माझ्या हातातून दोर हिसकला. मी दोराला लोंबकळले तर एकानं मला दंडाला धरून बाजूला केलं, अगदी अदबीनं, "बाजूला व्हा ताई, लागंल." मग सगळे रस्सीखेचीला उभे राहतात तसे पाय रोवून उभे राहिले आणि ओढायला लागले. मी नवऱ्याला हाका मारत होते. मशीनच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? त्याच्या लेखी दोर माझ्याकडं होता. मीच त्याला येऊ दे म्हटलं होतं.

फांदी सुटली. झुलून बाजूला जायच्या ऐवजी ती हवेत अडली आणि उलटी फिरून खोडावर आदळली. खोड आणि फांदी यांच्या मध्ये माझा नवरा होता. त्याचा आवाज मी ऐकला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. पुढच्याच क्षणी वजन पोरांच्या हातांवर आलं, दोर त्यांचे तळवे जाळत गेला आणि सगळ्यांनी एकदम सोडून दिला. फांदी पडवीच्या कडेला अंगणात पडली. धुरळा उडाला. आप्पा ओट्यावरून धावत आले आणि त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"पत्र्याला काय झालं न्हाई ना?"

वर माझा नवरा पट्ट्यात लटकत होता. मान खाली, उजवा हात भलत्याच दिशेला. पोरं पुन्हा पुढं सरसावली. कुणी म्हणालं शिडी आणा, कुणी म्हणालं जेसीबी बोलवा, पुतण्यानं तर माणसाच्या दोरालाच हात घातला. मी जमिनीवरचा कोयता उचलला. म्हटलं, या दोराला जो हात लावील त्याचा हात तोडीन. मी ते खरंच केलं असतं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. ते मागं सरले.

मी नवऱ्याला नावानं हाक मारली. आमच्यात नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. त्यानं मान हलवली. मी सांगितलं, डाव्या हातानं खोडाचा पट्टा सोड, दोर माझ्याकडं आहे. त्याला वेळ लागला. पट्टा सुटला, तो दोरावर आला, आणि मी बुंध्याच्या वेढ्यांवरून त्याला खाली घेतलं, तसंच, आधी थोडं, मग हळूहळू. एवढी सगळी माणसं अंगणात उभी होती. तो जमिनीला टेकला तेव्हा त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं आणि त्यानं विचारलं, "तू का आवळलास?"

मी त्याला तिथंच सगळं सांगितलं. त्यानं डोळे मिटले. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, लगेच ठेवला, एवढं एक मला पुरलं. पण बाकीच्या जगाचं काय?

महिन्याभरात कारेगावला, आमच्या गल्लीत, गोष्ट येऊन पोचली. म्हणे बाईच्या हातून दोर सुटला आणि आप्पांच्या पोरांनी जिवावर उदार होऊन तो धरला, म्हणून बंगला वाचला. कोरेगाव भीमाचं एक काम ठरलं होतं. नवरा पडून असल्यानं दुसरा चढणारा मी आणणार होते. त्या घरच्या माणसानं फोन केला, "राग मानू नका, पन तुमच्यात दोर बाई धरती म्हणं." त्याच्या मागून आणखी एक काम गेलं. एवढी वर्षं मी खाली उभी राहिले, एक कौल फुटू दिला नाही, आणि माझं नाव पाच-सहा रिकामटेकड्यांनी एका दुपारात धुळीला मिळवलं. या धंद्यात दुसरं काही नसतं. दोर कोणाच्या हातात आहे, एवढंच लोक विचारतात.

वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. मी म्हटलं, जाळा ते आमंत्रण. नवरा म्हणाला, "न्हाई गेलो तर म्हणतील, चूक यांचीच व्हती, तोंड लपवत्यात." म्हणून गेलो. मी स्कूटर चालवली, तो मागं हात गळ्यात बांधून बसला.

मांडवात आप्पांनी माईक हातात घेतला. त्यांनी पुतण्याचा आणि त्याच्या दोस्तांचा सत्कार केला, फेटे बांधले, नारळ दिले. "माझ्या पोरांनी हाताची सालटी निघाली तरी दोर सोडला न्हाई," असं म्हणाले. टाळ्या पडल्या. सालटी निघाली ती सोडला म्हणूनच निघाली, पण मांडवात हे कुणाला कळणार? मग आप्पांनी मोठ्या मनानं माझ्या नवऱ्यालाही वर बोलावलं आणि शाल नेमकी त्या मोडक्या खांद्यावर टाकली. मी उठून उभी राहिले. म्हटलं, आप्पा, दोर पोरांनी माझ्या हातातून हिसकला होता. सुटला असता तर माझेही तळवे सोलले असते, हे बघा माझे हात.

आप्पा हसले. समजुतीनं हसले, ते जास्त लागलं. "ताई, तुमी तवा मोजे घातले व्हते की. आवो, मानूस हाय, चुकतं. आमच्या मनात काय न्हाई." आणि लोकांना म्हणाले, "पंगत बसवा."

तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी निघणारच होते, तेवढ्यात आप्पांच्या मालकीण, काकी, मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. सवाशीण घरी आली की ओटी भरल्याशिवाय पाठवायची नाही. माजघर बायकांनी भरलं होतं. मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं. मी पदर पसरला. काकींनी खण, नारळ, तांदूळ घातले. तांदळाची दुसरी ओंजळ घालताना त्या वाकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोरी, मी दारातच व्हते गं. पोरांनी दोर हिसकला तवा बघितलं मी. तुजी काय चूक न्हाई."

मला वाटलं होतं, हे कुणी म्हणालं की माझा राग उतरेल. तो चढला. म्हणजे यांनी बघितलं होतं. माझ्या नवऱ्याचा हात गेला, आमची कामं गेली, मघाशी बाहेर टाळ्या वाजल्या, आणि या आतून सगळं ऐकत होत्या.

मी म्हटलं, "काकी, मोठ्यानं बोला."

"गप गं. पाव्हणे हायेत. घरातल्या पोरांचं कसं सांगू?"

"मोठ्यानं बोला."

त्यांनी तिसरी ओंजळ भरली. मी पाटावरून उठले. पदर सोडून दिला. नारळ गडगडत गेला, तांदूळ सगळ्या फरशीवर झाले. भरली ओटी अशी टाकत नाहीत, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एक म्हातारी ओरडली, "आगं बया, हे काय केलंस?" मांडवाच्या बाजूचं दार उघडं होतं, पंगतीतली माणसं माना वळवून आत बघायला लागली. पुतण्या फेट्यासकट दारात येऊन उभा राहिला.

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काकींनी बघितलंय. दोर या पोरांनी माझ्या हातातून हिसकला. काकींनी आत्ता माझ्या कानात सांगितलं. न्हाई म्हणायचं असेल तर त्यांनी न्हाई म्हणावं."

पुतण्या काकींकडं बघत राहिला. आप्पाही त्याच्या मागं येऊन थांबले. काकी खाली बसल्या आणि फरशीवरचे तांदूळ गोळा करायला लागल्या. त्यांनी वर बघितलं नाही. न्हाई असंही म्हटलं नाही.