सौर कंपनीचं स्थळ

मिरजेहून गाडीत बसले तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, दिल्लीला कुतुबमिनार बघणार का. म्हटलं, नाही, कंपनी बघणार. माझा मुलगा अविनाश दिल्लीत सरकारी कचेरीत फायली सांभाळतो. ती नोकरी सोडून सौर पॅनेलच्या कंपनीत जायचं त्याच्या मनात आलं. सून नेहा नको म्हणत होती. शेवटी दोघांनी मला बोलावलं. मी चौथी शिकलेली, पण नात्यातली निम्मी स्थळं मीच पाहिली आहेत.

निजामुद्दीनला उतरले, अविनाश आणि नेहा न्यायला आले होते. सकाळचे दहा वाजले तरी धुरक्यामागे सूर्याचा नुसता पिवळा डाग.

"याच्या भरवशावर नोकरी सोडतोस?"

"आई, पॅनेल राजस्थानात लागतात. इथे फक्त ऑफिस."

नेहा म्हणाली, "सूर्यानेपण ट्रान्सफर घेतली."

दुसऱ्या दिवशी मेट्रोने नोएडाकडे, सौर पॅनेलच्या प्रदर्शनाला गेलो. दारात हुद्दा लिहिल्याशिवाय आत सोडत नव्हते. अविनाशने माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावर 'डायरेक्टर' लिहिलं. त्यामुळे दिवसभर मला खुर्ची मिळाली, आणि एका चिनी माणसाने वाकून, दोन्ही हातांनी कार्ड दिलं.

आत दाराएवढी काळी पॅनेलं, सगळी सारखी. अविनाशच्या कंपनीचा मालक पस्तिशीचा. "माताजी, पूरी दुनिया सोलर पे आ रही है. हर साल डिमांड ऊपर, रेट नीचे."

मी मिरजेच्या हिंदीत विचारलं, "माल जादा जाता है और भाव उतरता है, तो तुम खाते क्या?"

"जितना ज़्यादा बेचेंगे, उतना खाएँगे," तो हसला.

मेट्रोत अविनाशने सांगितलं होतं, वीज करतो तो पॅनेलच्या आतला सेल. "अंदर का सेल किधर का?"

"अभी चाइना का."

"मतलब आटा उनका, तुम रोटी बेलते."

"अगले साल अपना सेल, बिल्कुल."

पॅनेलला पंचवीस वर्षांची गॅरंटी होती. कंपनी किती वर्षांची, विचारलं. चार. अविनाश माहितीपत्रक वाचायला लागला.

स्थळ बघताना मी बैठकीत रमत नाही, मोरी बघते. उठून स्टॉलच्या मागे गेले. पडद्याआड दोन फिटर राम लड्डू (मूगडाळीची भजी, वर मुळ्याचा किस) खात होते. मलाही दिले. भजी चांगली, चटणीने डोळ्यांतून पाणी काढलं. दोघांच्या शर्टांवर दोन वेगळ्या कंपन्यांची नावं होती, आणि त्यांतलं एकही या कंपनीचं नव्हतं.

"पुरानी कंपनियाँ हैं, अम्मा," थोरला, रामवीर, म्हणाला. "दोनों बंद हो गईं. रेट इतना गिरा कि झेल नहीं पाईं."

"फिर तुम?"

"कंपनी डूबती है, काम नहीं डूबता. तीसरे दिन दूसरी का फ़ोन आ जाता है."

"और ऑफिसवालों को?"

त्याने अजून एक भजं माझ्या द्रोणात टाकलं. "उनको टाइम लगता है."

रात्री जेवताना मी निकाल दिला. "धंदा जोरात आहे, घर कच्चं आहे. जाऊ नकोस."

नेहा अविनाशला म्हणाली, "सांगून टाक ना."

त्याने राजीनामा आठ दिवसांपूर्वीच दिला होता. म्हणजे अक्षता पडल्यावर मला स्थळ बघायला नेलं. उद्या बिनसलं तर बोट दाखवायला दोघांना एक म्हातारी हवी होती.

"पाना धरता येतो का तुला?" मी विचारलं.

"आई, मी कागदपत्रांचं काम बघणार."

"ते येणारे पुष्कळ आहेत. आधी हाताचं शीक."

रामवीरला विचारून रविवारी त्याला गुरुग्रामच्या एका सोसायटीच्या गच्चीवर पाठवला. संध्याकाळी आला तो तळहाताला फोड, मान आखडलेली. नेहाने खोबरेल लावलं. पुढच्या रविवारी तो आपणहून गेला. त्याच आठवड्यात मी परतीच्या गाडीत बसले.

स्थळ बघताना पोरीला आम्ही हजार वेळा विचारलं, तुला काय काय येतं. पोराला हे विचारायचं मला सुचलं तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता.