मृदंग थांबेपर्यंतचा सूर

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळी वर्षी माझ्या फुफ्फुसात पाणी झालं. देवावरचा विश्वास उडाला असं म्हणणार नाही. राग मात्र होता. गावातल्या विहिरी कोरड्या आणि पाणी साठलं ते माझ्या छातीत, हा न्याय मला मान्य नव्हता.

मी मुरुडला शाळेत शिकवत होते आणि भजनी मंडळात मुख्य गायिका होते. ही जागा वडिलांनंतर मला मिळाली. सहज मिळाली नव्हती. मंडळाचा एक दंडक होता. सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी मुख्य गायकाने सुरुवातीचा षड्ज एका दमात धरायचा. मृदंगाचा पहिला तुकडा संपेपर्यंत तो तुटला नाही, तरच वीणा त्याच्या गळ्यात पडे. आजारानंतर माझा सूर निम्म्यावर तुटू लागला. हळूहळू गायला डॉक्टरांची हरकत नव्हती. हरकत मंडळाचे प्रमुख बापू यांची होती. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमचा दम संपला हे देवालाबी दिसायलंय. बसा आता बायकांत." मी सप्ताहापर्यंतची मुदत मागितली. तीन आठवडे उरले होते.

त्याच आठवड्यात लातूरहून तपासणी करून परतताना एसटीचं इंजिन तापलं. चालक डबा घेऊन पाणी शोधायला गेला. दोन विहिरींवरून रिकामा आला, तिसरीकडे गेला. आम्ही लिंबाखाली बसलो. वेळ जावा म्हणून मी हलकेच षड्ज लावत होते. शेजारी देगलूरकडचा एक सनईवाला होता. दुष्काळाने लग्नं लांबली, म्हणून तो रोजगार हमीच्या कामावर निघाला होता. थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, "ताई, भिऊन दम भरून घ्यायलाव तुम्ही. खांदे बघा, कानाला लागलेत. गळ्यापर्यंत भरलेलं पहिल्याच सुराला सांडतंय."

आमच्या मंडळात सगळे तसंच गात. छाती फुगवून दम घेणं हीच आमची विद्या होती. त्याने सांगितलं, आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग पोट आपोआप भरू द्यायचं, खांदे हलवायचे नाहीत. घरी उताणं पडून पोटावर ज्वारीने भरलेलं शेराचं माप ठेवायचं आणि दातांतून बारीक हवा सोडत ते सावकाश खाली येऊ द्यायचं. धपकन खाली आलं तर दम वाया गेला. दम संपतच आला तर काय, असं मी विचारलं.

"ढकलायचं न्हाई. बारीक होऊ द्यायचं, तुटू द्यायचं न्हाई."

पाणी आलं, गाडी निघाली. दोन थांब्यांनंतर तो उतरला. नाव विचारायचं राहून गेलं.

रोज शाळा सुटल्यावर मी पोटावर माप घेऊन पडत होते. मोजायला सासूबाईंची जपमाळ मागितली. "देवाला मोजणीवर बसवलंस होय गं," त्या म्हणाल्या, आणि माळ दिली. पहिल्या दिवशी नऊ मणी झाले. सप्ताहाच्या आदल्या दिवशी एकतीस.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी देवळात वीणा बापूंच्या गळ्यात होती आणि मृदंगावर त्यांचा पुतण्या. मी षड्ज लावला. तुकडा संपत आला तेव्हा बापूंनी बोट फिरवलं. पुतण्याने तोच तुकडा पुन्हा उचलला. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. बायकांत कुजबुज झाली. माझा दम नेमक्या मापाचा होता आणि तो सरत आला होता. मी मूर्तीकडे पाहिलं. विनवणी केली नाही. सूर तुझा आहे, आता तू बघ, एवढंच मनात म्हटलं आणि घट्ट धरलेलं पोट सैल सोडलं. सूर बारीक झाला, पण राहिला. तो माझ्या दमावर होता असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. मृदंग समेवर आला. मग मी थांबले.

बापूंनी वीणा उतरवून माझ्या गळ्यात घातली. "लई हट्टी हाय ही," ते पुतण्याला म्हणाले. मी हो म्हटलं.

सनईवाल्याला माझ्याशेजारी कुणी बसवलं याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि मी तो शोधलेला नाही. शरण जायचं तर मान खाली घालावी लागते, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. त्या संध्याकाळी ताठ उभं राहून शरण जाता आलं. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.