कॅसेटमधला सांधा

गिरणीचा संप झाला त्या वर्षी वाकोल्याला आमच्या शेजारी टेप दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. बटण दाबण्याआधी ते पँटला दोनदा हात पुसत. त्यांच्याकडे विलायती पोरांच्या आरडाओरड्याची, पंक का काय म्हणतात ती, एक कॅसेट होती. "वहिनी, यात सूर शोधू नका, चीड बघा," म्हणायचे.

एकदा तिची फीत तुटली. तशी दुसरी कुठे मिळत नव्हती. त्यांनी दोनदा हात पुसले, पण फितीला बोट लावेनात. मी ब्लाउजना हुक लावायचे, म्हणून म्हणाले, "तुमची बोटं बारीक आहेत, तुम्हीच जोडा."

चुरगळलेला तुकडा कापून मी चिकटपट्टीने फीत जोडली. तेव्हापासून गाणे तिथे झटका खाई. पार जोगेश्वरीपर्यंतच्या पोरांनी त्या कॅसेटवरून आपल्या भरून नेल्या. सगळी तिथेच मान झटकत.

पुढे एकाने दुबईहून नवी कॅसेट आणून दिली. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि परत केली. "ठेव तुला. हिच्यात वहिनींचा सांधा नाही रे."

मी पडद्याआड होते. त्या गाण्यातला एकही शब्द मला कळत नाही, पण माझी जागा बरोबर कळते. घरात कुणी नसले की मीही तिथे मान झटकते.