बोडकी कोंबडी आणि अक्कांचा लेप

१ मे, अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. काम: खुराडं खरडणं आणि कोंबड्यांना पाणी ठेवणं.

हे काम मी चहाच्या आधी उरकते. मे महिन्यात सावद्याकडचं ऊन चहा संपायची वाट बघत नाही. त्या दिवशी खुराड्याचं दार उघडलं तर राखी कोंबडी पाठमोरी उभी. शेपटीच्या बुडापासून अर्ध्या पाठीपर्यंत अंगावर एक पीस नव्हतं. नुसती गुलाबी कातडी आणि वर दोन-चार खुंट. खाली बघितलं, तर तिथेही पिसं नव्हती. कोंबडी आपली आपण पिसं टाकते तेव्हा ती खाली पडलेली दिसतात. दिसत नसतील तर कुणीतरी ती खातंय.

आमच्या घरात कोंबड्या असणं हेच मुळात नवल. सासरी कुणी अंडंसुद्धा खात नाही. बचत गटातून पिल्लं मिळाली तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, दोन अटी घातल्या होत्या. अंडं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही, आणि अंगणात रक्त दिसणार नाही. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी कोंबड्या जातील. मी दोन्ही मान्य केल्या. केळी घराची, कपाशी घराची, गोठ्यातलं दूधही घराचं. अंडी तेवढी माझी. ती कुणाला द्यायची, विकून काय आणायचं, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. आठ कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढाच माझा कारभार, पण त्यात दुसऱ्या कुणाची सही लागत नाही.

अखाजीला लेकी माहेरी येतात. माझी नणंद दोंडाईच्याहून नवरा आणि मुलांसकट पिकअप घेऊन आली होती. कडुनिंबाला झोका बांधला होता. झोक्याखाली कोंबड्यांची शीट नको म्हणून मी तीन दिवस सगळ्यांना कोंडून ठेवलं होतं. एरवी त्या दिवसभर मागच्या केळीच्या बागेत उकरत असतात. कोंडल्यावर वर पत्रा, आत उकाडा, आणि खायला सणाचं उरलंसुरलं. खापरावरच्या पुरणपोळीचे काठ, भात, आमरसाच्या पातेल्याची धुवण. पाहुण्यांची जेवढी बडदास्त होती तेवढीच त्यांची. बचत गटाच्या प्रशिक्षणाला आलेल्या बाईंनी सांगितलं होतं, दाटी, उकाडा आणि प्रोटीनची कमतरता अशा तीन गोष्टी जमल्या की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात. मी तिन्ही जमवल्या होत्या.

खुराड्यासमोर पाटावर बसून राहिले. गुन्हेगार लगेच कळला. काळी. सगळ्यात धट्टीकट्टी, सगळ्यात जास्त अंडी देणारी. ती सावकाश राखीच्या मागे गेली, एक खुंट उपटला आणि शेवेसारखा गिळला. राखी नुसती एक पाऊल पुढे सरकली, रांगेत कुणी धक्का दिल्यावर सरकावं तशी.

तेवढ्यात नणंदेचे यजमान दात घासत आले. घरात त्यांना सगळे जावईबापू म्हणतात. त्यांच्याकडे कोंबडी खातात, त्यामुळे माझ्या खुराड्याकडे ते दरवर्षी पोटातून बघतात.

“वहिनी,” राखीकडे बोट दाखवत ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “हाई ते सोलेलच शे. फक्त फोडणी देवानी बाकी शे.”

“भाऊ, आधी चूळ भरा,” मी म्हटलं.

राखीला उचलून मी केळीच्या क्रेटमध्ये ठेवलं, वर दुसरा क्रेट उपडा घातला आणि गोठ्याच्या सावलीत सरकवलं. मग जावईबापूंनाच कामाला लावलं. प्रोटीनसाठी सुकट, म्हणजे वाळकी मासळी, हवी होती, पण आमच्या घरातून ती आणायला कोण जाणार? त्यांना म्हटलं, बाजारातून थोडी सुकट आणाल का? त्यांचा चेहरा उजळला.

“आज सुकटनी चटणी शे का वहिनी?”

“कोंबड्यांना.”

ते परत आले तेव्हा पुड्या दोन होत्या. दुसरी त्यांनी पिकअपच्या सीटखाली ठेवली.

सुकट मी जुन्या डब्यात बंद करून अंगणाच्या कडेच्या केळीच्या खोडाआड ठेवली. अक्कांना वास लागायचा तो लागलाच. पदर नाकाला लावून त्या अंगणात दोन फेऱ्या मारून गेल्या. मी पोळ्या लाटायला बसले आणि इथपर्यंत सगळं आटोक्यात होतं.

पंगत बसली होती. मी रस वाढत होते. मागून असा गलका आला की मुलं ताटावरून उठली. मी पळत गेले. राखी खुराड्यात होती आणि बाकी सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या होत्या, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा कोंबडासुद्धा. तिची पाठ लालभडक. मी हात घालून तिला बाहेर ओढलं, माझ्या मनगटावरही दोन चोची बसल्या. बघते तर तो लाल रंग सगळा रक्ताचा नव्हता.

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांच्या बोटांना हळद होती.

“येकली रडत व्हती बिचारी क्रेटात,” त्या म्हणाल्या. “मी लेप लावला अन् सोडली बाकीच्यायमंदी.”

हळद आणि चुना. पाय मुरगळला, पोरगं पडलं, बैलाच्या खांद्याला सूज आली, अक्कांचं औषध हेच. हळदीत चुना कालवला की तो कुंकवासारखा लाल होतो आणि कोंबडी लाल दिसेल तिथे चोच मारते. ज्या बाईने तीन वर्षांत एकदाही कोंबडीला हात लावला नव्हता, तिने पहिल्यांदा लावला आणि राखीच्या पाठीवर आमंत्रणपत्रिका छापली.

लेपाखालून आता खरं रक्तही येत होतं. दोन थेंब सारवलेल्या अंगणात पडले. अक्कांनी ते बघितले, मी बघितले, नणंदेने बघितले. जावईबापू हात न धुता आले होते, त्यांनीही बघितले.

“मी म्हटलं व्हतं, मले अंगणात रगत नको,” अक्का म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

“मग मी लई जास ना,” कोंबड्या न्यायला टपलेले जावईबापू म्हणाले. “सकायले निघनंच शे. पिकअप रिकामीच शे.”

“आई, पण लेप तू लावलास,” नणंद म्हणाली.

“तू जेव,” अक्का म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याला अशा वेळी केळीला पाणी सोडायची आठवण होते. तो मोटार चालू करायला गेला.

मी वाद घातला नाही. घालून उपयोग नसतो, अक्कांचा शब्द एकदा बाहेर पडला की तो त्यांनाही परत घेता येत नाही. राखीची पाठ कोमट पाण्याने धुतली. तव्याच्या बुडाची काजळी खरडली, कडुनिंबाच्या तेलात कालवली आणि जाडसर थापली. काळ्यावर चोच मारावीशी वाटत नाही आणि कडू तेल एकदा चाखलेली कोंबडी दुसऱ्यांदा चाखत नाही. राखी आता मागच्या बाजूने जळालेल्या भाकरीसारखी दिसत होती. ती क्रेटमध्ये गेली. काळीला मी बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, डालीखाली, वेगळं घातलं. खरं तर आधीच तसं करायला हवं होतं. मार खाणारीला बाहेर काढून काय उपयोग? मारणारी आत दुसरी शोधते.

दिवेलागणीला मी भांडी घासत होते. अक्का तुळशीपाशी दिवा लावून आल्या आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता, गोठ्याकडे बघत बोलल्या.

“राती कोंबडी धराले सोपी असते.”

“हो अक्का.”

“झुंजुमुंजू बागेत सोडली त मंग कोनाच्या बापाले सापडत नाही.”

मी कढई घासत राहिले.

“अन् जवाईबापू सकाई चहा पिल्याबिगर उठत नाही,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “पन शबूद गेला हाये व बाई. त्याहिचे हात रिकामे नको जायाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडायच्या आधी, मी खुराड्याचं दार उघडलं. कोंबडा आधी निघाला, मागून सहा जणी. केळीची पानं जमिनीपर्यंत लोंबलेली, ठिबकच्या नळ्यांखाली ओल, गांडुळं. पाच मिनिटांत एकही दिसेना. राखीला क्रेटमधून काढून शेवटी सोडलं. काजळीची पाठ घेऊन ती दोन खोडांमधून आत गेली आणि कुणी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

मग मी चहा केला, आलं जास्त घालून. जावईबापू रिकामी गोणी घेऊन खुराड्याकडे आले.

“वहिनी, बठ्ठ्या कोठे गयात?”

“बागेत. तुम्हाला उठायला उशीर झाला भाऊ.” मी डाल उचलली आणि काळीचे पाय बांधून तिला त्यांच्या हातात दिलं. “ही घ्या. सगळ्यात वजनदार आहे.”

त्यांनी तिला उलटसुलट करून बघितलं. काळीच्या अंगावर एकही पीस कमी नव्हतं.

“हिना ते बठ्ठा पिसं जागावर शेतस,” ते नाराज होऊन म्हणाले. “सोलाले मलेच बसनं पडी.”

अक्का ओट्यावरून म्हणाल्या, “जवाईबापू, चहा निवू राह्यला.”

पिकअप निघाल्यावर मी झोका सोडून दोर गुंडाळला, खुराड्याचा वरचा पत्रा काढून त्या जागी बांबू आणि केळीची वाळकी पानं टाकली आणि सुकटीचा डबा घेऊन बागेत गेले. मागून आलेल्या अक्कांनी नाकाला पदर लावला होता. डब्याचं झाकण मात्र त्यांनीच धरलं.