समुद्र सोडून गेलेलं बंदर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राय नावाचं जुनं बंदर आहे. समुद्र शेकडो वर्षांपूर्वीच तिथून दोन मैल मागे हटला. १९९०च्या सुमारास तिथल्या दगडी गल्लीत एक म्हातारा जहाजांचे जुने कंदील विकायचा.

तेव्हा माझा सख्खा भाऊ वेगळा होऊन लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या दुकानासमोरच स्वतःचं दुकान थाटून बसला होता. संतापून मी आमचं दुकान विकायला काढलं होतं.

त्याच दिवसांत रायला फिरायला गेलो असताना कंदिलाचा भाव पाडायला मी म्हाताऱ्याला टोमणा मारला, “बंदर म्हणता, मग समुद्र कुठाय?”

म्हातारा दारावरच्या फळीवर खडूने भरतीची वेळ लिहीत होता. “गेला, न विचारता. म्हणून आम्हीही उठून जायचं की काय?”

भावात त्याने पेनीही सोडली नाही.

परतल्यावर मी विक्रीची पाटी उतरवली. कंदील दुकानात टांगलाय, समोरून भावाला दिसेल असा.