शिरपूरच्या वाटेवरचा ब्रेक

शिरपूरहून परतताना गाडीने आम्हा दोघांचा अपघात टाळला, असे माझा मुलगा पुण्यात बसून सर्वांना सांगतो. तो गाडीत नव्हता. गाडी मी चालवत होतो. म्हणून खरा वृत्तान्त मीच लिहितो.

गाडी त्यानेच दिलेली. समोर काही आले की स्वतः ब्रेक लावणारी, पांढरी रेघ ओलांडली की स्टिअरिंग स्वतःच ओढणारी. "नाना, चालवायची तर हीच. नाहीतर किल्ली ठेवून द्या," असे त्याने बजावले होते.

भाच्याच्या साखरपुड्यासाठी मुक्ताईनगरहून सकाळी निघालो; शेजारी पत्नी. सावदा, फैजपूर, यावल मागे पडले. उजवीकडे सातपुडा, दोन्ही अंगांना केळीच्या बागा. चोपड्यात भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) खाल्ली. भरितात तेल अधिक होते. पत्नीच्या मते मुळीच नव्हते.

पुढे रस्ता अरुंद झाला. समोरून केळीने लादलेला ट्रॅक्टर आला. अशा वेळी डावी चाके साइडपट्टीवर (डांबराकडेच्या मातीवर) उतरवून वाट देणे, हा आमच्याकडचा शिष्टाचार. मी चाके उतरवू लागताच गाडीने मला पुन्हा डांबरावर ओढले. ट्रॅक्टर कसाबसा थांबला.

"आबा, बठ्ठा रस्ता तुमनाच शे का?" चालक ओरडला.

"माझा नाही, या गाडीचा आहे!"

"मंग लायसन बी तिनाच नावनं काढा!"

ती ओढाओढ मी तत्काळ बटण दाबून बंद केली. शिरपुरात सर्वांनी माझी बाजू मान्य केली. जेवण थंड होत होते म्हणून केली, असे पत्नी म्हणते.

परतताना, हातेडच्या अलीकडे, कपाशीतून एक पारडू एकाएकी रस्त्यावर आले. गाडी करकचून थांबली. पारडू हातभर अंतरावर. मागून धावत आलेल्या बाईने त्याची मान कवटाळली. "नही लागनं, आबा, नही लागनं!" ती मलाच धीर देत होती.

ब्रेक गाडीने लावला, असे मुलाचे म्हणणे. माझा पाय ब्रेकवर होता, असे माझे. साक्षीदार एकच, पत्नी. घरी आल्यावर, मुलगा फोनवर असतानाच, मी तिला विचारले.

"पाय ब्रेकवर होता," ती म्हणाली.

"ऐकलंस?" मी मुलाला म्हणालो.

"पण गाडी थांबल्यावर पोचला. तोवर तुम्ही मला डोंगर दाखवत होता."

डोंगर दाखवत होतो, एवढे मला मान्य आहे. मुलगा किल्ली मागतो. ती माझ्या खिशात आहे आणि तिथेच राहील. ओढाओढीचे बटण मी आजही बंद ठेवतो; कोणाला किती वाट द्यायची, ते मी ठरवीन. ब्रेकच्या बटणाला मात्र हात लावीत नाही. पत्नी माझ्याच शेजारी बसते, आणि तिला सातपुडा दाखवणे मी काही सोडणार नाही.