कॅमेऱ्यावरचा झेंडू

परदेशी कंपन्यांना बैठकीच्या खोल्या सजवून देणं, म्हणजे स्क्रीन, कॅमेरे, माइक बसवून देणं, हे माझं काम. मी येरवड्याच्या ऑफिसात बसतो, बसवणारी माणसं त्या त्या देशातली. पहिली नमुना खोली आमच्या ऑफिसातच आहे. नमुन्याच्या फोटोशी जगातली प्रत्येक खोली तंतोतंत जुळायला हवी, अशी एका ग्राहकाची अट.

तो फोटो मीच काढला, खंडेनवमीची पूजा झाल्यावर. कॅमेऱ्यावर झेंडूचं फूल होतं. मला ते दिसलंच नाही. आपल्याला ते दिसत नाहीच.

वॉर्सातल्या तंत्रज्ञाने काम चोख केलं. व्हिडिओवर तपासणीला येरवड्यातून मी होतो आणि लंडनहून ग्राहकाच्या बाई. तंत्रज्ञाच्या मुलीचं संध्याकाळी शाळेत नाटक होतं, गाव लांब, गाडी एकच. आणि मंजुरी मिळाल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "कॅमेऱ्यावरचा नारिंगी भाग कुठे आहे?"

त्याने घाबरून स्क्रीनवरून माझ्याकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या आमच्या हिशेबाच्या बाई हळूच म्हणाल्या, "अहो, झेंडू आहे म्हणून सांगा की. का त्यालाही वरून परवानगी लागते?"

मी सांगितलं. "फूल आहे. वर्षातून एकदा आम्ही यंत्रांची पूजा करतो."

"म्हणजे वार्षिक देखभाल," लंडनच्या बाईंनी लिहून घेतलं. "मग तो भाग हवाच."

"नाही हो, त्याशिवाय सगळं चालतं."

"तुमची खोली त्याशिवाय कधी तपासली आहे?"

तपासली नव्हती. खोटं बोलवेना. तंत्रज्ञाने घड्याळ पाहिलं, पिशवीतून डबा काढला आणि डब्यातलं गाजर कॅमेऱ्यावर आडवं ठेवलं.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "आकार वेगळा आहे. पण चालेल. मंजूर."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बोललो असतो तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून, आणि तो एका हाताने कोट चढवत होता. मी माझा माइक बंद केला. रात्री त्याने नाटकाचा फोटो पाठवला. मुलगी झाड झाली होती.

ग्राहकाच्या नियमानुसार मंजूर झालेली सर्वांत नवी खोली पुढच्या खोल्यांसाठी नमुना ठरते. गेल्या आठवड्यात लिस्बनहून विचारणा आली: गाजर सोललेलं हवं का?